वरून येणारी ऊब



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात पदार्थविज्ञान शिकवलं. त्यामुळे विषय विज्ञानातला हवा, एवढीच संयोजकांची अट होती. मी ‘गॅसवर चालणारे अवरक्त हीटर’ असं कळवलं, तेव्हा फोनच्या पलीकडे थोडा वेळ कोणी बोलेना. त्यांना दोष देत नाही. संक्रांत सरली की जिथे पंखे सुरू होतात, तिथे इमारत तापवण्याच्या यंत्रावर तासभर बोलायचं म्हणजे धाडसच आहे. पण या यंत्रामागे जो नियम आहे, त्याचा जाच आपल्याला मे महिन्यात रोज होतो, फक्त उलट बाजूने. तिथपर्यंत मी येणारच आहे. आधी थंडीच्या देशात जाऊ, कारण हे यंत्र तिथलं आहे.

जर्मनीतल्या रूर खोऱ्यातली, अवजड यंत्रं दुरुस्त करणारी एखादी शेड डोळ्यांपुढे आणा. लांबी ६० मीटर, रुंदी ३० मीटर, उंची १०. जानेवारीचा महिना, बाहेर शून्याखाली ५. ट्रक आत यावा म्हणून दार दर अर्ध्या तासाला उघडतं आणि पाच मिनिटं उघडंच राहतं. आत वीस माणसं काम करताहेत. त्यांना ऊब कशी द्यायची?

सरळ उपाय म्हणजे गरम हवा सोडणारा मोठा पंखा. आता हिशेब करू. शेडचं घनफळ १८,००० घनमीटर. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो, म्हणजे आतली हवा साडेएकवीस टनांहून जास्त भरते. ती २० अंशांनी तापवायला सुमारे १२० किलोवॅट-तास, म्हणजे १२ घनमीटर नैसर्गिक वायू लागतो. वीस माणसांसाठी एकवीस टन हवा! बरं, ती तापवली तरी जागेवर राहत नाही. गरम हवा हलकी, ती छताकडे जाते. वर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेला माणूस स्वेटर काढून ठेवतो आणि खाली फरशीवर उभा असलेला फिटर हातावर फुंकर मारत असतो. मग दार उघडतं, आणि पैसे मोजून तापवलेली हवा वरच्या अंगाने बाहेर निघून जाते. ज्या इमारतीत हवा टिकतच नाही, तिथे हवेत उष्णता साठवण्याचा हा खटाटोप मला नेहमीच विचित्र वाटत आला आहे.

पौषात शेताच्या बांधावर शेकोटी पेटवून बसलेल्यांना दुसरा उपाय ठाऊक असतो. आजूबाजूची हवा थंडगार असते, वारं सुटलेलं असतं, तरी तोंड आणि गुडघे चांगले शेकतात आणि पाठ गारठलेली राहते. मध्ये कोणी उभं राहिलं की ऊब तत्क्षणी थांबते. हवेतून चालत आलेली उष्णता अशी सावली पाडणार नाही. ही उष्णता प्रकाशासारखी सरळ रेषेत येते, हवेला न तापवता येते, आणि जिथे अडते तिथेच उष्णता म्हणून प्रकट होते. पाठ्यपुस्तकात तिला प्रारण म्हणतात. आज ज्याविषयी बोलायचं ते यंत्र म्हणजे ही शेकोटी उचलून छताला उलटी टांगण्याचा उद्योग आहे.

या प्रारणाचा शोध लागला तो एका संगीतकारामुळे. विल्यम हर्षेल मूळचा हॅनोव्हरचा वादक. इंग्लंडात स्थायिक झाला, दुर्बिणींच्या नादाला लागला, आणि १७८१ मध्ये त्याने युरेनस शोधला. सूर्याचं निरीक्षण करताना तो रंगीत काचा वापरत असे. काही काचांतून उजेड थोडा यायचा पण डोळ्याला चटका बसायचा, काहींत उलट. म्हणून १८०० साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि काळी केलेली तापमापकं एकेका रंगात ठेवली. जांभळ्यापेक्षा हिरव्यात पारा जास्त चढला, हिरव्यापेक्षा तांबड्यात. मग त्याने तापमापक तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे ठेवलं, आणि पारा आणखी वर गेला. तेच अवरक्त किरण.

पण आपल्या शेडच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस त्याच्यानंतरचा, जॉन टिंडल. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८५९ पासून त्याने एका लांब पितळी नळीत वेगवेगळे वायू भरून त्यांतून अवरक्त किरण किती पार जातात हे मोजायला सुरुवात केली. नायट्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे जवळजवळ सगळी कोरडी हवा, हे किरण न अडवता जाऊ देतात असं त्याला दिसलं. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र ते शोषतात. एकाच उपकरणातून निघालेले हे दोन निष्कर्ष आहेत आणि दोन्ही आपल्या विषयाला चिकटलेले आहेत. पहिल्यामुळे छतावरची ऊब दहा मीटर हवा ओलांडून माणसापर्यंत पोहोचते. दुसऱ्यामुळे, त्या हीटरच्या धुराड्यातून जे बाहेर पडतं ते पृथ्वीला तापवतं.

टिंडलने आणखी एक काम केलं. प्लॅटिनमची तार मंद तांबडी होईपर्यंत आणि पुढे पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवली आणि दोन्ही वेळचं प्रारण मोजलं. व्हिएन्नातल्या योसेफ स्टेफानच्या हाती ते आकडे आले. प्रारण ११.७ पट वाढलं होतं. तारेची तापमानं त्याने ५२५ आणि १२०० अंश सेल्सियस धरली, निरपेक्ष शून्यापासून मोजली, त्यांचं गुणोत्तर घेतलं आणि त्याचा चौथा घात केला. उत्तर आलं ११.६. त्यावरून १८७९ साली त्याने नियम मांडला की प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. पुढे बोल्ट्झमानने त्याला सैद्धांतिक आधार दिला. गंमत अशी की प्लॅटिनम हा या नियमाला नीट पाळणारा धातूच नाही; आकडे जुळले यात नशिबाचा वाटा मोठा होता. सरांच्या वर्गात हा किस्सा सांगितला गेला असेल की नाही कोण जाणे, पण परीक्षेत याला गुण नसतात.

हा चौथा घात फार जबर आहे. ९०० अंशांच्या पृष्ठभागाचा एक चौरस मीटर आदर्श परिस्थितीत सुमारे १०० किलोवॅट प्रारण फेकतो. ५०० अंशांचा तेवढाच पृष्ठभाग जेमतेम २०. तापमान निम्म्याच्या जवळ आलं आणि ऊब पाचव्या हिश्श्यावर. ही दोन तापमानं मी मुद्दाम घेतली आहेत. छताला टांगायच्या गॅस हीटरच्या ज्या दोन जाती आहेत, त्यांची तापमानं साधारण याच टप्प्यात येतात.

पहिली जात उजळ. गॅस आणि हवा आधीच मिसळून सच्छिद्र चिनी मातीच्या तबकडीतून सोडतात. तबकडीला एक-सव्वा मिलिमीटर व्यासाची असंख्य भोकं. ज्वाला तबकडीच्या पृष्ठभागाशी चिकटून जळते, माती तापून केशरी-तांबडी होते आणि उष्णता फेकू लागते. तबकडीच्या मागे पेटायला तयार असलेलं मिश्रण असतं, मग ज्वाला भोकातून मागे शिरून भडका का उडत नाही? भोक इतकं अरुंद की त्यात शिरणाऱ्या ज्वालेची उष्णता भिंती ओढून घेतात आणि ती विझते. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली खाणकामगारांसाठी जो जाळीचा दिवा केला त्याचं मर्म हेच. पृष्ठभागावरच्या ज्वलनाचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमध्ये विल्यम बोनने १९१० च्या आसपास केला, आणि १९३० च्या दशकात गुंटर श्वांक या जर्मन अभियंत्याने चिनी मातीच्या तबकड्यांचा हीटर घडवला. त्यात आणखी एक फायदा मिळाला. ज्वाला आपली उष्णता ताबडतोब मातीला देऊन टाकते, म्हणून ती फार तापत नाही, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी तयार होतात.

लग्नाच्या वरातीत आणि तमाशाच्या कनातीत जळणारी गॅसबत्ती आपल्यापैकी ज्येष्ठांनी पाहिली असेल. तिचं मेंटल हेही तापवलेलं घन द्रव्यच आहे, पण हेतू नेमका उलटा. कार्ल आउअर फोन वेल्सबाखने १८८० च्या दशकात मेंटल शोधलं आणि पुढे त्यात थोरियमचं ऑक्साइड आणि चिमूटभर सिरियमचं ऑक्साइड वापरलं, कारण हे मिश्रण अवरक्त किरण फारसे फेकत नाही आणि उजेड मात्र भरपूर देतं. श्वांकच्या तबकडीला उजेडाची पर्वा नाही. ती केशरी दिसते, पण तिच्या प्रारणाचा जोर अडीच मायक्रोमीटरच्या आसपास, डोळ्याच्या कक्षेबाहेर असतो.

दुसरी जात काळी. एका टोकाला बर्नर, दुसऱ्या टोकाला धूर ओढणारा पंखा, आणि मध्ये दहा सेंटिमीटर व्यासाची लांब पोलादी नळी. ज्वाला नळीच्या आत, बाहेरून दिसतं ते फक्त काळं लोखंड आणि त्याच्यावर छत्रीसारखा चकचकीत ॲल्युमिनियमचा परावर्तक. पंखा ओढतो म्हणून नळीच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो; कुठे भेग पडली तर धूर बाहेर येण्याऐवजी शेडमधली हवा आत ओढली जाते. नळी बर्नरपाशी खूप तापते आणि शेवटाला निवत जाते, म्हणून बऱ्याचदा ती इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वळवतात. मग गरम आणि निवलेला भाग शेजारी येतात आणि खाली सगळीकडे सारखी ऊब पडते. अमेरिकेत या नळ्यांची चलती १९६० च्या दशकापासून झाली.

या यंत्राने नेमकं काय साधतं, ते समजायला माणसाच्या कातडीकडे वळावं लागेल. थंडी वाजते म्हणजे काय होतं? शांत बसलेलं शरीर सुमारे १०० वॅट उष्णता तयार करतं आणि ती त्याला बाहेर टाकावीच लागते. वारा नसलेल्या नेहमीच्या खोलीत तिचा चाळीस टक्क्यांच्या घरातला भाग प्रारणाने जातो. आपण भिंतींना, छताला, खिडकीला सतत ऊब देत असतो आणि त्यांच्याकडून परत घेत असतो. भिंती थंड असतील तर हा व्यवहार तोट्यात जातो, हवा कितीही कोमट असो. उलट वरून प्रारण येत असेल, तर हवा दोन-चार अंशांनी थंड असली तरी चालते. पण भिंतीवर टांगलेलं साधं तापमापक यातलं काहीच सांगत नाही. ते बहुतांशी हवाच मोजतं, आणि शेडचा मालक त्याच्याकडे बोट दाखवून हीटर नीट चालत नाही म्हणून तक्रार करतो.

यावर १९३० च्या सुमारास एच. एम. व्हर्नन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने फार साधं उपकरण काढलं. सहा इंच व्यासाचा पोकळ तांब्याचा गोळा, बाहेरून काळा रंगवलेला, आणि मधोमध तापमापक. गोळा हवेशीही व्यवहार करतो आणि चहूकडच्या पृष्ठभागांशीही. त्याचं तापमान दोहोंच्या मधलं कुठेतरी स्थिरावतं, आणि ते माणसाला काय जाणवतं त्याच्या बरंच जवळ असतं. शंभर वर्षं होत आली, हा गोळा अजून वापरात आहे. मला विचाराल तर, ज्या इमारतीत माणसं घाम गाळतात किंवा कुडकुडतात तिथे घड्याळाशेजारी असा एक गोळा टांगलेला असावा.

आता हे हीटर कुठे खरंच शोभतात? विमानांच्या हँगरमध्ये. तिथलं दार म्हणजे इमारतीची एक अख्खी भिंतच. ती सरकली की आतली सगळी हवा दोन मिनिटांत बदलते. पण प्रारणाने काँक्रीटची जमीन आणि उभी यंत्रं तापवून ठेवलेली असतात. हवा जाते, जमीन जात नाही. दार बंद झालं की जमीनच आतल्या नव्या हवेला हळूहळू कोमट करते. गोदामात एकाच कोपऱ्यात पॅकिंगचं टेबल असेल तर तेवढ्याच कोपऱ्यावर हीटर लावता येतो. दिवसातून तीन तास वापरात असलेली शेड असेल तर उजळ हीटर काही मिनिटांत पूर्ण ताकदीवर येतो. थोडक्यात, उंच, गळकी आणि अधूनमधून वापरली जाणारी इमारत. नीट बंदिस्त, बुटक्या छताच्या, रात्रंदिवस माणसं असलेल्या इमारतीत हे हीटर लावण्याचा सल्ला मी देणार नाही. तिथे डोकं तापतं आणि टेबलाखाली पाय गारठतात. ओले फांगर या डॅनिश संशोधकाने माणसाची सुखावह स्थिती मोजण्याचं शास्त्र १९७० च्या त्याच्या ग्रंथात बांधलं. पुढच्या अभ्यासांतून असं दिसलं की डोक्यावरचं गरम छत माणसाला फार लवकर खुपतं. बाजूच्या गरम भिंतीबद्दल तो तेवढी कुरकुर करत नाही. म्हणून नियमावल्यांत गरम छतासाठी तफावतीची मर्यादा अवघी पाच अंशांच्या आसपास ठेवलेली आहे. उंच टांगा, तिरकं टांगा, ही सूचना यातूनच येते.

चर्चचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं, कारण तिथे वरकरणी सगळं जुळतं. उंच इमारत, जाड दगडी भिंती, आठवड्यातून एकदा प्रार्थना, बाकी दिवस रिकामी. युरोपात कित्येक चर्चमध्ये भिंतींवर, खांबांवर गॅसचे नाहीतर विजेचे लालभडक हीटर लावले गेले. रविवारी सकाळी पेटवायचे, दुपारी विझवायचे. भाविकांच्या डोक्याला चटका आणि पायाला गारठा, हे झालंच. पण खरं नुकसान भिंतींवरच्या चित्रांचं आणि लाकडी मूर्तींचं. हीटरसमोर आलेला पृष्ठभाग तासाभरात तापतो, लाकूड वाळून आक्रसतं, वरचा रंगाचा थर त्याच्याबरोबर आक्रसत नाही आणि पोपडे सुटतात. शिवाय विनाधुराड्याचा गॅस हीटर असेल तर जळताना तयार झालेली वाफ आत राहते आणि थंड दगडावर दव धरते. इटलीतल्या पाडुआचे दारियो कामुफ्फो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आल्प्समधल्या रोक्का पिएतोरे गावच्या चर्चमध्ये युरोपीय प्रकल्पाअंतर्गत यावर काम केलं. त्यांचा तोडगा असा: मोठ्या हीटरऐवजी बाकांनाच कमी तापमानाचे पट्टे लावायचे. पायाखाली, आसनाखाली, हाताशी. ऊब बाकापुरती, चित्रापर्यंत पोहोचायलाच नको. प्रारण तेच, फक्त तापमान उतरलं आणि अंतर कमी झालं. हीटर विकणाऱ्याच्या कॅटलॉगात हे सुचलं नसतं.

वाफेचा उल्लेख झालाच आहे तर आपल्या शेडचाही हिशेब पाहू. धरा की तिला दीडशे किलोवॅट लागतात. म्हणजे तासाला १५ घनमीटर नैसर्गिक वायू. एक घनमीटर जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. म्हणजे तासाला चोवीस लिटर. विनाधुराड्याच्या उजळ हीटरमधून हे सगळं शेडमध्येच येतं. छताचा पत्रा उघडा आणि थंड असेल तर सकाळी आठ वाजता सुरू केलेला हीटर दहापर्यंत खालच्या लेथवर पाण्याचे थेंब पाडू लागतो. म्हणूनच युरोपीय मानकांत दर किलोवॅटमागे तासाला १० घनमीटर ताजी हवा खेळती ठेवायला सांगितलं आहे. दीडशे किलोवॅटला दीड हजार घनमीटर, म्हणजे आपल्या शेडमधली बारावा हिस्सा हवा दर तासाला बदलायची. फार नाही, पण करायला हवी. हवा कोंडली तर पाण्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो आणि तो दिसत नाही, वासही येत नाही. आणखी एक सांगतो, कारण ते माहितीपत्रकांत बारीक टायपात असतं. यंत्रभागांचं ग्रीस काढायला ट्रायक्लोरोएथिलीनसारखं क्लोरीनयुक्त द्रावण जिथे वापरतात, तिथे उघड्या ज्वालेचा हीटर नको. त्याची वाफ ज्वालेत गेली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि फॉस्जीनसुद्धा. पहिलं नळ्या खातं, दुसरं माणसाची फुप्फुसं.

महाराष्ट्रात हे यंत्र माणसांसाठी फारसं दिसत नाही. दिसतं ते पोल्ट्रीत. नाशिक-पुण्याकडच्या शेडमध्ये एक दिवसाची पिल्लं येतात तेव्हा त्यांच्या अंगावर पिसं नसतात, लव असते. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवत न्यायची. त्यासाठी एलपीजीच्या सिलेंडरवरचा गॅस ब्रूडर पिल्लांच्या गोलावर टांगतात. आणि हीटर बरोबर चालला आहे का, हे पोल्ट्रीवाला तापमापकापेक्षा पिल्लांकडे बघून ठरवतो. सगळी ब्रूडरखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर ऊब कमी. कडेला पळून चोची उघडून धापा टाकत असतील तर जास्त. एकाच बाजूला गोळा झाली असतील तर कुठून तरी वारं शिरतंय. सगळीकडे पसरून दाणा खात असतील तर ठीक. व्हर्ननच्या गोळ्याला जे एका आकड्यात सांगता येतं, ते इथे हजार पिल्लं मिळून सांगतात, शिवाय वारं कोणत्या बाजूचं तेही.

आता आपल्या मे महिन्याकडे येतो. भोसरीची असो, बुटीबोरीची असो की जळगावची, पत्र्याची शेड दुपारी दोन वाजता घ्या. छताचा पत्रा साठ अंशांच्या पुढे गेलेला असतो. तो ६५ अंशांवर आहे असं धरलं, तर काळ्या गंजलेल्या पत्र्याच्या खालच्या बाजूने दर चौरस मीटरला सातशे वॅटच्या आसपास प्रारण खाली येतं. माणसाचं शरीर तेवढं परत फेकू शकत नाही, म्हणजे निव्वळ जमा त्याच्या अंगावर. जर्मनीतला मालक ज्या गरम छतासाठी पैसे मोजतो, ते आपण फुकट बसवून घेतलं आहे, नेमकं चुकीच्या ऋतूत. आणि उपाय म्हणून काय करतो? पंखे लावतो. पंखा हवा हलवतो, घाम वाळवतो, तेवढा आराम पडतो. पण छतावरून येणारे किरण पंख्याच्या पात्यांना भीक घालत नाहीत. हवेचं तापमान चाळीस म्हणून नोंदवून घेतलं जातं आणि छताची नोंद कुणीच करत नाही. वास्तविक १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं तेरावं कलम वायुवीजन आणि तापमानाचंच होतं. छत आणि भिंती अशा साहित्याच्या हव्यात की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील, असं ते सांगत होतं. पत्र्याला वरून पांढरा रंग द्यावा, खालून चकचकीत फॉइल ताणावी, दुहेरी छत करावं, हे सगळे प्रारणावरचे उपाय आहेत आणि पंख्यांच्या बिलापुढे स्वस्त आहेत. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला, तेव्हापासून पांढऱ्या छतांची चर्चा शहरांत सुरू झाली आहे. कारखान्यांपर्यंत ती पोहोचलेली मला दिसत नाही.

शेवटी गॅसकडे वळतो. माझं मत सांगायचं तर, या यंत्रात प्रारण हा मुद्दा आहे आणि गॅस हा त्या काळाचा योग आहे. १९५९ मध्ये नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनचं प्रचंड वायुक्षेत्र सापडलं, पाठोपाठ उत्तर समुद्रात वायू मिळाला. ब्रिटनने तर १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघरची उपकरणं कोळशाच्या वायूवरून नैसर्गिक वायूवर आणली. वायू मुबलक होता, स्वस्त होता, थेट छतापर्यंत पाइपने नेता येत होता. तो जमाना सरत चालला आहे. ग्रोनिंगेनच्या उपशामुळे तिथे भूकंपाचे धक्के बसू लागले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबवण्यात आलं. २०२२ मध्ये रशियाचा वायू आटला, तेव्हा जर्मनीने सरकारी कार्यालयांना १९ अंशांची मर्यादा घातली. या हीटरचं सगळ्यांत चंगळवादी रूप म्हणजे हॉटेलच्या बाहेर फुटपाथवर आकाश तापवणारी छत्री. इंग्लंडात २००७ मध्ये बंदिस्त जागांत सिगारेट ओढायला मनाई झाली आणि धूम्रपान करणाऱ्यांसाठी दाराबाहेर या छत्र्यांचं पीक आलं. फ्रान्समध्ये रेन शहराने २०२० पासून आणि मग मार्च २०२२ च्या अखेरीस साऱ्या देशाने त्यांवर बंदी घातली. माझ्या मते ती रास्त आहे. शेडमधल्या हीटरला मात्र त्याच पारड्यात टाकू नये.

मग गॅसऐवजी काय? उजळ हीटर विजेवर सहज चालतो, पण त्यात विजेच्या एका युनिटमागे उष्णतेचं एकच युनिट मिळतं. उष्णता-पंप बाहेरच्या हवेतून उष्णता खेचून एका युनिटमागे तीन युनिटं देऊ शकतो, पण तो पाणी तापवतो चाळीस-पन्नास अंशांपर्यंत. नऊशे अंश त्याच्या आवाक्यात नाहीत. त्या कोमट पाण्याचे पॅनेल छताला लावता येतात आणि तेही प्रारणानेच ऊब देतात. पण इथे स्टेफानचा चौथा घात आडवा येतो. ४५ अंशांचं पॅनेल १५ अंशांच्या शेडला चौरस मीटरमागे जेमतेम १९० वॅट देऊ शकतं. दीडशे किलोवॅट हवे असतील तर चिनी मातीच्या तबकडीला दीड-दोन चौरस मीटर पुरतात. पॅनेल जवळपास आठशे चौरस मीटर लागतील, म्हणजे छताचा जवळजवळ निम्मा भाग. छताला आतून चांगलं आवरण घातलं, दारांना हवेचे पडदे बसवले, तर हा आकडा बराच खाली आणता येतो, आणि नव्या शेडच्या नकाशातच हे सगळं धरलं तर फारसा खर्चही वाढत नाही. अडतं ते जुन्या शेडपाशी. पाण्याने भरलेले पॅनेल आणि त्यांचे पाइप टांगायचे म्हणजे टनावारी वजन, आणि त्या छताच्या लोखंडी कैच्या बर्फाचा भार धरून, पण पॅनेलचा न धरता उभ्या केलेल्या असतात. त्यामुळे तिथल्या मालकाला हीटर विकणाऱ्याच्या आधी इमारतीच्या मजबुतीचा हिशेब करणाऱ्या अभियंत्याला फोन करावा लागतो.